वीतभर खोली आणि खरें माप

विद्यार्थ्यांच्या हस्तकलेकडे आपल्या समाजांत दोन दृष्टींनीं पाहिलें जातें. कांहीं पालकांस ती अभ्यास टाळण्याची पळवाट वाटते. इतरांस ती प्रदर्शनांत बक्षीस मिळविण्याचें साधन वाटते. मग दुकानांतून तयार प्रतिकृति येते आणि तिच्यावर मुलाच्या नांवाची चिठ्ठी चिकटते. या दोन्ही मतांशीं प्रस्तुत लेखकाचा विरोध आहे, आणि तो एका लहानशा उदाहरणानें स्पष्ट करावयाचा आहे. तें उदाहरण म्हणजे प्लॅस्टिकच्या पत्र्यापासून उभारलेली एक इवलीशी खोली. तिला तीन भिंती असतात, चौथी बाजू पाहणाऱ्यासाठीं उघडी असते, आणि आंत छोटीं माणसें मांडलेलीं असतात. अशा देखाव्यास ‘डायोरामा’ म्हणतात.

दिवाळींत आपलीं मुलें मातीचे किल्ले करतात. तेथें पहारेकरी दरवाजापेक्षां उंच असला तरी कोणी हरकत घेत नाहीं, आणि घेऊंही नये. तो उत्सवाचा खेळ आहे. परंतु खोलीची गोष्ट निराळी आहे. खोलींतील माणसास खुर्चीवर बसावयाचें असतें, दारांतून आंत यावयाचें असतें, फळीवरचा डबा काढावयाचा असतो. तेथें प्रमाण सुटलें कीं सारा देखावा खोटा ठरतो.

बाजारांत मिळणारीं छोटीं माणसें पुष्कळदां १:३५ या प्रमाणाचीं असतात. म्हणजे १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस ४.८ सेंटिमीटरचा होतो. २१० सेंटिमीटरचें दार ६ सेंटिमीटरचें, ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्चीची बैठक सुमारें १.३ सेंटिमीटरवर, आणि ३५ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत बरोबर १ सेंटिमीटरची. हा भागाकार वहींत चुकला तर गुरुजींची लाल रेघ येते. येथें चुकला तर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीस टेकत नाहींत, आणि ती चूक कोणीं दाखवून द्यावी लागत नाहीं.

ज्या पदार्थाचें हें काम करावयाचें तो, म्हणजे पॉलिस्टायरिनचा पत्रा, हाही शिस्तीचा शिक्षक आहे. तो आरपार कापावा लागत नाहीं. पोलादी पट्टी धरून धारदार पात्यानें दोनतीन वेळां रेघ ओढावी आणि पत्रा वाकवावा, कीं तो त्या रेघेवर सरळ तुटतो. त्यास जोडणारें द्रव्य डिंकासारखें दोन तुकड्यांच्या मध्यें बसून राहत नाहीं. तें दोन्ही कडा किंचित् वितळवून एकजीव करतें. अर्थात् कड वांकडी असेल तर सांधा जुळत नाहीं. जाड भिंत हवी असेल तर दोन पत्रे घेऊन मध्यें आडव्या-उभ्या पट्ट्या द्याव्या, आणि आंत कोंडलेली वाफ निघून जाण्यास मागें एक छिद्र ठेवावें. नाहीं तर कांहीं दिवसांनीं भिंत पिळवटते. प्लॅस्टिकला लांकडाचे रेषे नसतात. म्हणून जमिनीच्या फळ्यांवर सुईनें लांबट ओरखडे काढून वर पातळ तपकिरी रंग फिरवावा लागतो. त्यासाठीं खऱ्या फळीचे रेषे कसे धांवतात हें आधीं पाहिलें पाहिजे.

हें ‘पाहणें’ हाच या कलेचा खरा लाभ होय. अमेरिकेंत मिसेस थॉर्न यांनीं १९३२ ते १९४० या काळांत कुशल कारागिरांकडून करविलेल्या ६८ लघुखोल्या शिकागोच्या कलासंग्रहालयांत आहेत. फुटास एक इंच या प्रमाणाच्या त्या खोल्या बहुतेक संपन्न घरांच्या आहेत. पण त्याच देशांतील फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनीं १९४० च्या दशकांत त्याच प्रमाणाच्या खोल्या केल्या, त्या अगदीं निराळ्या हेतूनें. गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांस बारकाईनें पाहण्याची संवय लागावी म्हणून त्यांनीं साध्या माणसांचीं स्वयंपाकघरें व भाड्याच्या खोल्या दिनदर्शिकेसह जशाच्या तशा मांडल्या. साध्या खोलींतही वाचण्यासारखें किती असतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

म्हणून आमच्या मुलांनीं राजवाडे न करतां आपल्या ओळखीची खोली करावी. मुंबईंतील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकांत बांधल्या गेल्या. तेथील १६० चौरस फुटांच्या एकेका खोलींत तीनतीन पिढ्या नांदल्या. आतां त्या चाळी पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ सालीं वरळी येथील पहिल्या कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नवें घर मिळालें याचा आनंद खराच आहे. पण जुनी खोली कशी होती हें पुढील पिढीस कोण सांगणार? १६ फूट लांब व १० फूट रुंद अशी खोली १:३५ प्रमाणांत केली तर ती जवळजवळ पोस्टकार्डाएवढी होते. तेवढ्या जागेंत मोरी, पिंप, माळा, वळकट्या व कपड्यांची दोरी बसवितांना मुलास आजीकडे जाऊन विचारावेंच लागेल: पाळणा कोठें टांगीत? कोण कोठें निजत असे? अभ्यास कोणत्या कोपऱ्यांत होई? ज्यांचें घर खेड्यांत असेल त्यांनीं चुलीजवळचा कोपरा घ्यावा. प्रश्न तेच राहतील. ज्या मुलानें ती खोली आपल्या हातांनीं मोजली व बांधली, त्यास तींत राहून संसार करणाऱ्या माणसांविषयीं आदर वाटल्यावांचून राहणार नाहीं. तयार प्रतिकृति विकत घेऊन हें कसें मिळावें?

पालकांस विनंति एवढीच कीं, पातें व जोडद्रव्य वापरतांना जवळ बसावें, खिडक्या उघड्या ठेवाव्या, पण हात मुलाचाच चालूं द्यावा. प्लॅस्टिक सहजासहजीं कुजत नाहीं. म्हणून उरलेले तुकडे डब्यांत जपावे, त्यांतूनच पुढें खुंट्या व फळ्या होतात. आणि शाळांनीं एक नियम करावा: प्रदर्शनांत प्रत्येक प्रतिकृतीशेजारीं मुलाची मापांची वही उघडी ठेवावी, व परीक्षकांनीं आधीं ती वही पाहावी. खोडलेलीं, पुन्हां काढलेलीं मापें जिच्यांत आहेत, त्या वहीच्या मालकाची भिंत थोडी कललेली असली तरी बक्षीस त्याचेंच आहे.