पंख छाटून पाखरू माणसाळत नाही

आज पिकाचं काही नाही, पाखराचं लिहितोय.

भाचा शिकायला बाहेरदेशी गेला आणि त्याचं कॉकाटील दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे आलं. गावात सगळे त्याला 'कॉकटेल'च म्हणतात. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर नारिंगी टिकली, डोक्यावर तुरा. पोपटाच्याच जातकुळीतलं, मूळ ऑस्ट्रेलियाचं. आधीच सांगतो, आपल्या शिवारातला हिरवा राघू पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. ढोलीतली पिल्लं कुणी आणून देत असेल तर घेऊ नका. हे परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेलं, म्हणून घरात आहे.

पहिल्याच दिवशी आबा म्हणाले, "पंख छाटा, दोन दिवस उपाशी ठेवा, बघा कसं हातावर येतंय." आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. मी छाटले नाहीत, पण शहाणपणा केलाच. तिसऱ्या दिवशी टॉवेल टाकून धरलं. बोटाला कडकडून चावलं, शेपटीची दोन पिसं माझ्या हातात राहिली. पुढं मी ओसरीवर आलो की ते खायचं थांबायचं. जेमतेम 90-100 ग्रॅमचा जीव, त्याला उपास कुठून झेपणार? मीच मग लांब बसायला लागलो.

लांब बसलो तेव्हा दिसायला लागलं. त्याचा तुरा म्हणजे सगळा जबाब असतो. ताठ उभा म्हणजे दचकलंय. मागं चपटा आणि तोंडानं फुस्स म्हणजे पुढं येऊ नको. अर्धवट, सैल असला म्हणजे ठीक चाललंय. झोपायच्या आधी चोच घासल्याचा बारीक करकर आवाज आला की समजायचं, गडी निवांत आहे. आमच्याकडं तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा अकरावा दिवस होता.

आणि वरून हात घालायचाच नाही. शिक्रा वरूनच झडप घालतो, पाखराच्या रक्तात ती भीती आहे. हात समोरून, छातीच्या खालच्या उंचीवर, आणि तुरा चपटा झाला की तिथूनच मागं. हे मागं घेणंच महत्त्वाचं. 'नको' म्हटलं तर हा माणूस ऐकतो, हे त्याला एकदा कळलं की पुढचं सोपं जातं. मी दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, राळ्याचं कणीस गजातून धरून बसायचो. दुसरं काही नाही. ते राळं एरवी वाटीत टाकायचं नाही, माझ्या हातातच मिळायचं. बाजरी, पाणी मात्र कायम भरलेलं.

खोंडाचं काय वेगळं असतं? बाजारातून आणलेल्या खोंडाला पहिल्या दिवशी चाबूक दावला तर तो जुवाखाली येतो, नाही असं नाही. पण पुढं आयुष्यभर माणूस दिसला की डोळे पांढरे करतो. ज्यानं आठवडाभर पोळी खाजवली, हातानं पेंड चारली, त्याचा बैल हाक मारली की येतो. हे आपल्याला गोठ्यात कळतं आणि पिंजऱ्यापाशी का कळत नाही, देव जाणे. पंख छाटलेलं पाखरू हातावर गप्प बसतं ते त्याला जायला जागा नसते म्हणून. त्याला माणसाळणं म्हणू नये.

शेतकऱ्याच्या घरातल्या दोन गोष्टी. पाखराची फुप्फुसं फार नाजूक. फवारणीच्या कपड्यांनी पिंजऱ्याजवळ जाऊ नका, आंघोळ करूनच जा. आणि धान्यात गोळ्या टाकल्या असतील त्या खोलीत किंवा तिला लागून पिंजरा ठेवू नका, तो वायू माणसालाही सोडत नाही. रात्री अंधारात मांजर हललं तरी हे पाखरू पिंजऱ्यात आपटून घेतं, म्हणून झीरोचा बल्ब चालू ठेवतो. लाइट राहिली तर.

परवा दार उघडं ठेवलं. ते बाहेर आलं, खुंटीवर बसलं, बराच वेळ तुरा वर-खाली केला, मग माझ्या मनगटावर उतरलं. सात-आठ दाणे खाल्ले, शर्टावर शिटलं आणि स्वतःहून पिंजऱ्यात गेलं. बायको म्हणाली, शर्ट तुमचा तुम्ही धुवा.

आबांकडं अजून येत नाही. पण चार दिवस झाले, सकाळचा चहा झाला की तेही कणीस घेऊन पिंजऱ्यापाशी बसतात. कात्रीचं काही बोलत नाहीत.