"फ्लेमिंगो उडवून दाखवा ना!"

मंडळी, परवा मुलाचा पुण्याहून फोन आला. जानेवारीत चार दिवस रजा आहे, नातीला पक्षी दाखवायचेत, भरतपूर बरं की थायलंड? मी दौंडला तेहतीस वर्षं मास्तरकी केली, आता शिरूरला असतो. म्हटलं, इकडेच या की! तर म्हणतो, "अण्णा, भिगवण झालंय आमचं."

झालंय! लग्न झालं, परीक्षा झाली, तसं भिगवण झालं.

काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण त्या होडीत मीही होतो. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा (म्हणजे तुमचे फ्लेमिंगो!) थवा माना खाली घालून चरत होता. आमच्यातलाच एकजण ओरडला, "उडवून दाखवा ना!" नावाड्यानं होडी सरळ थव्यावर घातली. थवा उठला, पंखांखालचा लाल-काळा रंग दिसला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोलू, मीही पिटल्या. पाखरं पोट भरायला आली होती, आम्ही त्यांना भरल्या ताटावरून उठवलं. पाच मिनिटांत फोटो झाले, होडी माघारी.

नावाड्यांना बोल लावणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. बक्षिसी कशाची देतो आपण? उडवण्याची! उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत माझ्या वर्गातली काही मुलं शाळा सोडल्याचे दाखले घेऊन गेली, गावं पाण्याखाली जाणार होती म्हणून. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर येतं. ज्या शेतांवर पाणी चढलं त्यांच्यावरच आज पाखरं उतरतात, आणि काठावरची माणसं मासे धरून नि होड्या चालवून पोट भरतात. गिऱ्हाईक मागेल ते ती देणार. तेव्हा भिगवणला जरूर जा, पैसाही तिथंच खर्च करा. फक्त मागायचं काय ते घरून ठरवून निघा.

आणि कधी जायचं तेही. दिवाळीच्या सुटीत धरण बहुधा तुडुंब असतं, गाळ उघडा पडलेला नसतो, मग रोहित चरणार कुठं? पाणी उतरत जाईल तशी त्यांची पंगत वाढते. जानेवारी ते मार्च बरा. आमच्या तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीची हीच गत. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा झडतो आणि लोक येतात नाताळच्या सुटीत! मग म्हणतात, "हे कसले मोर, लांडेच आहेत." नाच बघायचा तर पावसात भिजायची तयारी ठेवून या. असो.

माझं खरं भांडण पुढेच आहे. माळ कुणाच्याच यादीत नसतो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला यावं, तिथून मोरगावच्या रस्त्याला लागावं, की सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली झालं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. लोक चिंकारा बघतात नि गाडी वळवतात. तासभर गप्प बसा हो! चंडोल आहेत, धाविक आहे, पखुर्ड्या आहेत, थंडीत परदेशातून आलेले भोवत्ये गवताच्या शेंड्यांवरून तरंगत जातात. ही पाखरं भरतपूरच्या पाण्यावर शोधून सापडायची नाहीत.

माळाला आपण 'पडीक' म्हणतो. चंडोल नि धाविक अंडी घालतात भुईवर, त्यांना उघडं रान लागतं, झाडांची दाटी नको असते. हे मला उशिरा कळलं. १९९० च्या सुमारास मी स्वतः पोरांकडून माळावर खड्डे खणून घेतले, गिरिपुष्प लावलं, शाळेला शाबासकी मिळाली! त्या माळावर आता चंडोल ऐकू येत नाही. नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, तरी महाराष्ट्रातून तो जवळजवळ संपलाच. बिबट्या दिसला की गावभर बोभाटा होतो, पण उद्या एखाद्या माळावर नांगर फिरला किंवा प्लॉट पडले तर इथं काय होतं हे सांगायला साक्षीदार नाही. कारण तुम्ही कधी आलाच नव्हता, भिगवण 'करून' परस्पर पुण्याला गेलात.

मुलाला सांगितलं, जानेवारीचा शेवटचा आठवडा धर. मुक्काम माझ्याकडे. पहिल्या दोन सकाळी माळावर, तिसरी भिगवणला. होडीत पाय ठेवतानाच सांगायचं, बाबा, थवा दिसला की लांबच इंजिन बंद कर, एकही पाखरू उडालं नाही तर बक्षिसी दुप्पट.

"अण्णा, माळावर तासभर नुसतं बसून पोरगी कंटाळेल."

म्हटलं, तिलाच दे फोन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दुर्बिणी किती आहेत?

एकच आहे, तीही जुनी. पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन दुसरी आणायची आहे.