कोबीचं बी आपल्या घरात राहत नाही



मागच्या हिवाळ्यात मी एक येडेपणा केला, तो आधी सांगते. परसातल्या कोबीचा एक चांगला घट्ट गड्डा कापला नाही, बीसाठी ठेवला. वाल ठेवतो, काकडी ठेवतो, तसाच. होळी झाली, गड्डा तडकला, पण फूल काही येईना. सासू रोज विचारायची, "आलं का गं बी?" चैत्रात शेजारची बकरी कुंपण मोडून आत घुसली आणि प्रश्नच मिटला.

पाड्यातला एक पोरगा शेतकी शाळेत शिकतो, त्याने उलगडा केला. कोबीला फूल यायला दीड-दोन महिने सलग कडक थंडी लागते, दहा अंशांच्या खालची. जव्हार-मोखाड्याची थंडी आपल्याला हुडहुडी भरवते, कोबीला ती काहीच नाही. म्हणून त्याचं बी तयार होतं हिमाचलात, कुलूच्या खोऱ्यात. तिथे कटराईनला सरकारी केंद्रही आहे. झाड बर्फाच्या दिवसांत उभं राहतं, वसंतात फुलतं, उन्हाळ्यात शेंगा पिकतात. शिवाय फुलकोबी, नवलकोल हे त्याचे सख्खे भाऊ. जवळ फुलले तर बी भेसळ होतं.

कोबी हे नावच पोर्तुगीजांकडून आलंय. मिरचीसुद्धा त्यांनीच समुद्रापलीकडून आणली. पण मिरचीला परकी म्हणणारा एकतरी माणूस दाखवा! तिचं बी आपल्या अंगणात सुकलं, आपल्या मडक्यात राहिलं, पोरीबरोबर सासरी गेलं. कोबी मात्र दरसाल दुकानातून यावा लागतो.

मग कोबी लावायचाच नाही का? तसं मी म्हणत नाही. हिवाळ्यात ताटात भाजी नसते, पोरं नुसती भाकर-चटणी खातात. आणि बाजारातल्या कोबीवर किती औषधं मारतात ते ज्या बाया बागायतदाराकडे मजुरीला जातात त्यांना विचारा. घरचा कोबी लावा. पण बी घेताना पाकीट वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. संकरित लिहिलंय की सरळ वाण? गोल्डन एकर हा जुना सरळ वाण आहे, गड्डा किलो-दीड किलोचा, लावणीपासून दोन महिन्यांत तयार. मुदत बघा. उरलेलं बी कोरड्या बाटलीत राखेवर ठेवलं तर तीन वर्षं उगवतं. ग्रॅमभरात दोन-तीनशे दाणे असतात, एका घराला एवढे लागतच नाहीत. चार घरांनी मिळून एक पाकीट घ्यावं.

रोप करायचं भाताच्या राबासारखंच, फक्त सुपाएवढं. मोठ्या राबाला फांद्या तोडल्या की गार्ड उभा राहतो, एवढ्याला परसातला पालापाचोळा आणि शेण पुरतं. पाऊस ओसरला की बी टाका, महिनाभरात रोप लावणीला येतं. हाताहातावर एक रोप लावा. भोवती मोहरी पंधरा दिवस आधी पेरा, अळीचा पतंग तिकडे जास्त जातो. भांडी धुतलेलं पाणी चालेल, पण रोज थोडं घाला. आठ दिवस कोरडं आणि मग एकदम घागरभर असं केलं की गड्डा फुटतो. गड्डा कापल्यावर बुंधा उपटू नका, त्याला बारकी फूट येते, तीही भाजीला होते.

माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. १९८८ साली सरकारने नवं बियाणं धोरण आणलं आणि परदेशी भाजीपाल्याच्या बियाण्याला दार उघडलं. आता योजनेतून फुकट पाकिटं येतात. फुकट मिळालं म्हणून आपण वाल-चवळी लावायची ती जागा त्यांना देतो. दोन वर्षं वाल लावला नाही की मडक्यातला जुना वाल भुंगा खातो. तिसऱ्या वर्षी पाकीट येत नाही, आणि घरात बीही नसतं. आमच्या पाड्यात पांढऱ्या काकडीचं बी असंच गेलं. ती कुणी लुटून नेली नाही. आपणच विसरलो.

आणि हे प्लॉटच्या लढाईपासून वेगळं नाही. ३१ मार्च १९७८ पूर्वीची वहिवाट असेल तर जमीन नावे करायची, हा सरकारचाच ठराव होता. १९८० चा वन कायदा आडवा आला आणि पुरावा मागत आपल्याला अजून फिरवतात. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आमची नागली, वरी काढून झाली होती, घरातली जाणती माणसं वीटभट्टीवर. लिहिलं काय, तर पडीक. त्या वेळी नाल्याकाठी दोन गुंठे वाल, मिरची, कोबी हिरवा असता, कुणीतरी पाणी घालत असतं, तर पडीक लिहिताना हात अडखळला असता. कोर्टात तो पक्का पुरावा होईल असं मी म्हणत नाही. दंडाच्या पावत्या जपायच्याच. पण पावती पेटीत असते, वाल सगळ्यांना दिसतो.

पुरुष साथी म्हणतील, परसबाग हे बायांचं काम, ते पत्रकात कशाला? मग भट्टीवर जाताना मागे एक माणूस कोण ठेवायचं, पाणी कोण आणायचं, हेही बायांनीच ठरवावं का? बैठकीत यावर बोला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक घराने मूठभर बी आणावं. वाल, चवळी, दुधी, शिराळी, जे असेल ते. पांढऱ्या काकडीचं कुणाकडे असेल तर मला आधी निरोप द्या. माझ्याकडे गोल्डन एकरचं अर्धं पाकीट शिल्लक आहे, बदल्यात देते.