मागची बैठक आणि पुढची पाच वर्षे

वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव पेट्रोल गाड्यांच्या मानाने लवकर उतरतात. दरवर्षी बाजारात अधिक मोठ्या बॅटरीची नवी गाडी येते आणि जुन्या बॅटरीविषयी ग्राहकाच्या मनात धास्ती असते. त्यामुळे पहिल्या मालकाला घसारा सोसावा लागतो आणि दुसऱ्याचा त्यात लाभ होतो. व्यापारी कुटुंबांचे लक्ष अशा गाड्यांकडे वळू लागले आहे, ते याच हिशेबाने. मात्र हा लाभ पदरात पडण्यासाठी गाडी दीर्घकाळ वापरली पाहिजे. दोन वर्षांतच ती घराला अपुरी पडून विकावी लागली, तर पुढचा घसारा आपल्याच खात्यावर लिहिला जातो. म्हणून अशी गाडी घेताना आजच्या घराचे नव्हे, पाच वर्षांनंतरच्या घराचे माप घ्यावे.

समजा, एका कुटुंबात पती-पत्नी, वृद्ध आई आणि दोन मुले आहेत. वडील सहा फुटांचे आहेत. मोठा मुलगा चौदा वर्षांचा असून आताच वडिलांच्या कानाला लागला आहे. या वयात मुलाची उंची वर्षाला ८-९ सेंटिमीटरही वाढू शकते. म्हणजे अशा घराच्या गाडीत लवकरच दोन उंच पुरुष एकामागे एक बसणार आणि वृद्ध आईला गुडघे न दुखता चढता-उतरता आले पाहिजे. गाडीची खरी कसोटी मागच्या बैठकीवर लागते. विक्रेता मात्र प्रथम पुढचा पडदा आणि छताची काच दाखवतो.

पेट्रोल गाडीच्या सांगाड्यावर बेतलेल्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी तळाशी बसवल्यामुळे मागचा तळ उंचावतो. पाय वर येतात, गुडघे छातीकडे सरकतात आणि मांडीखाली आधार उरत नाही. पाच मिनिटांच्या फेरीत हे जाणवत नाही. तीन तासांच्या प्रवासात कंबर धरते. म्हणून पुढची खुर्ची वडिलांच्या सोयीनुसार लावून मुलाला तिच्याच मागे बसवावे. डोक्यावर चार बोटे जागा उरते का, गुडघा पुढच्या पाठीला टेकतो का, मांडी गादीवर विसावते का, हे पाहावे. छताला मोठी काच असल्यास डोक्यावरची काही सेंटिमीटर जागा तीच खाते. उंच घराला त्याच गाडीचा बिनकाचेचा प्रकार अधिक मानवतो. शेवटी मागे तिघांना एकदम बसवून मधल्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, तेही तपासावे.

बाजारातील काही गाड्यांची मापे पाहू. टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये ३०.२ युनिटांच्या बॅटरीसह आली. तिची लांबी चार मीटरांच्या आत आहे. दोन चाकांतील अंतर सुमारे २,५०० मि.मी. आहे. चौघांच्या शहरी घराला ती उत्तम, पण वर वर्णिलेल्या घराला लवकर आखूड पडेल. जानेवारी २०२३ मध्ये आलेली महिंद्रा एक्सयूव्ही ४०० ४.२ मीटर लांबीची असून तिचे चाकांतील अंतर २,६०० मि.मी. आहे. बॅटरी ३४.५ किंवा ३९.४ युनिटांची मिळते. एमजी झेडएस ईव्हीत २०२२ पासून ५०.३ युनिटांची बॅटरी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या बीवायडी ॲटो ३ चे चाकांतील अंतर २,७२० मि.मी. आणि बॅटरी ६०.४८ युनिटांची आहे. तीन रांगांच्या कौटुंबिक इलेक्ट्रिक गाड्या मात्र अलीकडच्या आहेत. बीवायडी ईमॅक्स ७ ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर किया कॅरेन्स क्लाविस ईव्ही जुलै २०२५ मध्ये आली. त्यामुळे जुन्या बाजारात त्या क्वचितच दिसतात.

आता बॅटरीकडे वळू. येथे कंपनीचा जाहीर आकडा बाजूला ठेवावा. ३०.२ युनिटांच्या नेक्सॉनचा जाहीर पल्ला ३१२ कि.मी. होता. भरल्या गाडीने महामार्गावर एका युनिटात साधारण ६ कि.मी. धरावेत. बॅटरीची क्षमता वापराने ९० टक्क्यांवर आली असेल, तर २७ युनिटे उरतात. प्रवासात वीस टक्के शिल्लक ठेवायची, म्हणजे हाताशी सुमारे २२ युनिटे आणि पल्ला १३० कि.मी. याच हिशेबाने ५०.३ युनिटांची गाडी सुमारे २१५ कि.मी. जाते. पुणे ते कोल्हापूर अंतर सुमारे २३० कि.मी. आहे. पहिल्या गाडीला वाटेत एकदा निवांत थांबावे लागेल, दुसरीला चहापुरते. वर्षातून किती वेळा असा प्रवास घडतो, ते वहीत मांडून मगच मोठ्या बॅटरीचे पैसे मोजावेत.

क्षमतेचा लेखी अहवाल कंपनीच्या सेवा केंद्रातूनच घ्यावा. बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षांची आणि ठरावीक कि.मी.ची असते. २०२२ मध्ये नोंदलेल्या गाडीची हमी २०३० पर्यंत चालेल, पण ती दुसऱ्या मालकाला लागू आहे की नाही, हे लेखी विचारावे. गाडी उचलून बॅटरीच्या पेटीला खालून मार किंवा पाणी लागले नाही ना, ते पाहावे. घरगुती आणि जलद, दोन्ही चार्जिंग करून बघावे. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ४० युनिटांची बॅटरी भरायला सुमारे १५ तास लागतात. सदनिकेत राहणाऱ्यांनी स्वतंत्र जोडणीची परवानगी गाडीच्या आधी मिळवावी.

कागदपत्रांत कसूर नको. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे खासगी गाडीला असतात आणि पिवळी अक्षरे भाड्याच्या. ही खूण व नोंदणीपुस्तक दोन्ही ताडून पाहावीत. कर्ज असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५, तर हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. जुन्या मालकाची बिनदाव्याची सवलत आपल्याकडे येत नाही.

कराचा एक मुद्दा पेढीवाल्यांसाठी. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील जी.एस.टी. परिषदेच्या शिफारशीनुसार, नोंदणीकृत व्यावसायिकाने जुनी इलेक्ट्रिक गाडी विकल्यास १८ टक्के कर लागतो. तो पूर्ण किमतीवर नव्हे, केवळ नफ्याच्या फरकावर. पेढीच्या वहीत घसारा वजा जाता गाडी ६ लाखांची असेल आणि ७ लाखांना विकली, तर कर १ लाखावर, म्हणजे १८ हजार. तोट्यात विकल्यास कर नाही. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची गाडी विकली, तर हा प्रश्नच येत नाही. आपली गाडी पेढीच्या नावे घ्यावी की घराच्या, हे करसल्लागाराला आधी विचारून ठरवावे.

वरील कुटुंबाला आमचा सल्ला असा : अपघात नसलेली, हमी शिल्लक असलेली, ४० ते ५० युनिटांची आणि चार मीटरांपेक्षा लांब गाडी पाहावी. त्यात दोन-तीन गाड्या निवडल्या की एका रविवारी घरातील पाचही जणांनी प्रत्येक गाडीत अर्धा तास बसून प्रवास करावा. परतल्यावर प्रथम आईला विचारावे आणि मग मुलाला. भावाची बोलणी त्यानंतर करावीत.