आधी चिप, मग लस

‘जर्मनीला बदली झाली आहे, तिकिटं पुढच्या महिन्याची आहेत, तेवढं कुत्र्याचं सर्टिफिकेट द्या.’ पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत ही मागणी आता नेहमीची झाली आहे. नकार दिला की डॉक्टर अडून बसल्यासारखे वाटतात. पालक उशिरा जागे होतात हे खरेच. पण त्यांना वेळेत जागे करायचे कुणी? कुत्रा तीन महिन्यांचा असल्यापासून तो आपल्याच टेबलावर येत असतो.

हिशेब सरळ आहे. रेबीजच्या संदर्भात युरोपीय संघाने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आधी आयएसओ मानकाची पंधरा आकडी चिप, मग वयाच्या बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्तनमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत किमान 0.5 आययू प्रति मिली टायटर, आणि नमुना घेतल्या तारखेपासून तीन महिन्यांची थांबणूक. म्हणजे चार महिने कुठेच जात नाहीत. ब्रिटनचे गणितही असेच. जपानला दोन लसी लागतात आणि नमुन्यापासून 180 दिवस. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट प्राणी घेतच नाही. आधी त्यांच्या मान्य देशात मुक्काम करावा लागतो.

खरी मेख पहिल्या पायरीवर आहे. चिपच्या आधी टोचलेली लस या हिशेबात धरली जात नाही. पाच वर्षे बिनचूक लसीकरण झालेला लॅब्रॅडॉर, पण चिप कालची, तर कागदावर तो काल जन्मलेला. कारण ज्या प्राण्याला लस दिली तो हाच, हे सिद्ध करायला दुसरे साधन नाही. तरीही आपल्याकडे चिप हा हौशी लोकांचा खर्च मानला जातो आणि परदेशाचा विषय निघेपर्यंत तिचे नावही निघत नाही. हे बदलायला हवे.

नोंदींचेही तसेच. लसीकरण पुस्तिका आपल्या लेखी आठवणीची वही असते. विमानतळावर मात्र ती पुरावा ठरते. चिप बसवल्याची तारीख, नंबर, लसीचा बॅच स्टिकर, सही, शिक्का यांतले काहीही राहून चालत नाही. महिना अक्षरांत लिहावा. आपण लिहिलेला 04/05 अमेरिकेत 5 एप्रिल होतो. प्रत्येक लसीआधी स्कॅनर फिरवावा, चिप सरकलेली किंवा बंद पडलेली असू शकते. आणि बूस्टर मुदतीच्या आत द्यावा. एक दिवस उलटला तरी युरोपच्या नियमाने ती लस पुन्हा पहिली ठरते आणि आधीचा टायटर वाया जातो. पालकाला आठवण करून देणारा एक मेसेज इथे कित्येक महिने वाचवतो.

एकाच डोसवर लहान पिल्लाचा टायटर कधीकधी कमी पडतो. वेळ असेल तर महिन्याच्या अंतराने दुसरा डोस देऊन मगच रक्त घ्यावे, असे आमचे मत आहे. सीरम नीट वेगळे करावे आणि नळीवर चिपचाच नंबर घालावा.

अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून कुत्र्यांसाठी नियम कडक केले. वय किमान सहा महिने, चिप, ऑनलाइन अर्ज, आणि भारतासारख्या रेबीजप्रवण देशात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला फॉर्म. टायटर नसेल तर तिथे 28 दिवस क्वारंटाइन, तोही पालकाच्या खर्चाने. मांजरांना हा नियम लागू नाही.

शेवटच्या आठवड्याचे काम त्या मानाने सोपे आहे: एक्यूसीएसचे (केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाइन सेवेचे) आरोग्य प्रमाणपत्र, आणि ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला पोहोचण्याआधी 24 ते 120 तासांच्या दरम्यान प्राझिक्वांटेल. गुंगीचे औषध मात्र मागितले तरी देऊ नये. रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळले जात नाही, आणि पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांच्या आखूड श्वासमार्गाला ते झेपत नाही. त्याऐवजी पिंजरा महिनाभर आधीच घरात ठेवायला सांगावे. प्राणी त्यात आपणहून झोपू लागला की निम्मे काम झाले.

आमची विनंती एवढीच: या महिन्यापासून पहिल्या रेबीज लसीच्या दिवशी प्रत्येक पालकापुढे चिपचा विषय काढा. नको म्हणाले तर तशी नोंद पुस्तिकेत करा. आणि दवाखान्यात स्कॅनर नसेल, तर तो आधी घ्या.