हा मजकूर माणसाचा की यंत्राचा?

दोन महिन्यांपूर्वी एका निवासी डॉक्टरने एमडीच्या प्रबंधाचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. विषय मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमा. इंग्रजी स्वच्छ, वाक्यं एका मापाची, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात 'शिवाय' किंवा 'म्हणूनच' अशा अर्थाच्या शब्दाने. चार पानं वाचून मी विचारलं, "हे चॅटजीपीटीने लिहून दिलं का?" मुलगी गप्प राहिली. ते गप्प राहणं मी कबुली समजलो.

संशय अगदीच निराधार नव्हता. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाचे दिमित्री कोबाक आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०२४ या काळातले पबमेडवरचे दीड कोटीहून अधिक गोषवारे तपासले. पद्धत त्यांनी कोविडकाळातून उचलली. तेव्हा आपण नेहमीपेक्षा किती जास्त मृत्यू झाले ते मोजत होतो, इथे त्यांनी नेहमीपेक्षा कोणते शब्द अचानक जास्त दिसू लागले ते मोजलं. चॅटजीपीटी आल्यानंतर 'डेल्व्ह', 'अंडरस्कोर', 'शोकेस' असे दिखाऊ शब्द एकाएकी उसळले. त्यावरून २०२४ मधल्या किमान १३.५ टक्के गोषवाऱ्यांना यंत्राचा हात लागला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. मात्र हा हिशेब सगळ्यांचा मिळून आहे. साथ आली हे तो सांगतो. समोरचा रुग्ण बाधित आहे की नाही, हे सांगत नाही.

त्यासाठी चाचणी लागते, आणि चाचणीला आम्ही डॉक्टर नेहमी दोन प्रश्न विचारतो : आजारी किती सापडतात आणि निरोगी माणसावर किती वेळा शिक्का बसतो? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक ओळखयंत्र आणलं. कंपनीच्याच आकड्यांनुसार ते यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्के पकडत होतं आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर चुकीचा ठपका ठेवत होतं. समजा शंभर प्रबंधांपैकी दहा यंत्राने लिहिलेले आहेत. त्या दहांतले दोन-तीन सापडतील आणि उरलेल्या नव्वदांतले आठ निरपराध अडकतील. म्हणजे ठपका बसलेल्या दहा-अकरांपैकी आठ जण निर्दोष! अशी रक्तचाचणी आमच्या प्रयोगशाळेत कुणी एक दिवसही चालू दिली नसती. ओपनएआयने त्याच वर्षी जुलैत ते मागे घेतलं. आताची साधनं सुधारली असतील, पण निष्पापांवरचा ठपका शून्य झालेला नाही.

तो कुणावर जास्त बसतो, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. कारण साधं आहे. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका यंत्राचा संशय जास्त, असं यातली बहुतेक साधनं मानतात. शिकून मिळवलेल्या भाषेत माणूस जपून, ठरावीक शब्दांत लिहितो. माझी विद्यार्थिनी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि गावच्या मराठी शाळेत शिकली. तिचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आलेलं, आणि पाठ्यपुस्तकं अशीच लिहिलेली असतात.

मराठीतही आपण खुणा शोधतोच. व्हॉट्सअॅपवर 'हे केवळ पेय नाही, तर आरोग्याची गुरुकिल्ली आहे' असं वाक्य, ठळक उपशीर्षकं आणि शेवटी डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सूचना दिसली की हात थबकतो. पण 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावणं' सरकारी अहवालांत आधीपासूनच चालू आहे. त्यातले काही मीच लिहिले आहेत. आणि आरोग्याच्या मजकुराबाबत लेखक कोण, यापेक्षा मजकूर खरा आहे का, हा प्रश्न मोठा. अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थांनी चॅटबॉटशी बोलून जेवणातल्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरलं आणि तीन महिन्यांनी भ्रम होऊन ते रुग्णालयात पोचले. २०२५ मध्ये ही केस प्रसिद्ध झाली. तो सल्ला माणसाने दिला असता तरी विषबाधा तीच झाली असती.

मी मुलीला पुन्हा बोलावलं आणि या वेळी भाषेबद्दल नाही, रुग्णांबद्दल विचारलं. साठातले नऊ फॉलोअपला का आले नाहीत? ती म्हणाली, "सर, सहा जण ऊसतोडीला गेले. दोघांचे फोन बंद आहेत. एक आजी म्हणाल्या, पाय बरा झाला, आता एसटीचे पैसे कशाला घालवू?" केस पेपर तिने बरोबरच आणले होते, जखमांची मापं तिच्या अक्षरात. हे सगळं प्रबंधात का नाही, असं विचारलं, तर म्हणाली की असलं लिहायचं नसतं असं तिला वाटलं. मी माफी मागितली आणि ते कारणांसह लिहायला सांगितलं.

त्यानंतर माझ्याकडच्या दुसऱ्या प्रबंधाची संदर्भसूची उघडली. तो मुलगा शहरातल्या नामांकित शाळेतला. इंग्रजी ओघवतं, मधूनच मिस्कील. त्याच्याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. संदर्भ एकेक करून पबमेडवर शोधले. दोन सापडेनात. नियतकालिकं खरी, वर्षं खरी, पण त्या अंकात त्या पानांवर भलतेच लेख होते. तो सध्या पूर्वसंशोधनाचं प्रकरण पहिल्यापासून लिहितो आहे.