पाणी येणार कोठून, जाणार कोठे?

गेल्या पंधरवड्यात आमचा भाचा एका नव्या वसाहतीचा नकाशा घेऊन आला. सहाशे घरे, दोन उद्याने, एक मंदिर, लग्नकार्यासाठी सभागृह. बयाणा द्यावयाचा होता आणि त्यापूर्वी मामांचा आशीर्वाद हवा होता. आम्ही चष्मा लावून नकाशा न्याहाळला आणि मास्तरकीच्या खोडीने विचारले, "यात पाणी येणार कोठून, आणि जाणार कोठे?"

"मामा, तुम्ही घर बघा, नाल्या काय बघता?" तो हसून म्हणाला.

नाल्याच बघावयाच्या असतात. सहाशे घरे, घरटी पाच माणसे, म्हणजे तीन हजार वस्ती. भुयारी गटारे असलेल्या गावासाठी सरकारी संहितेने माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले आहे. झाले ४ लाख ५ हजार लिटर. वाटेतील गळतीसाठी आणखी पंधरा टक्के घाला. सुमारे ४ लाख ६६ हजार. घरात पोचलेल्या पाण्यापैकी ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात, म्हणजे रोज ३ लाख २४ हजार लिटर. दिवसभरात सारखे वाटले तर सेकंदाला पावणेचार लिटर. परंतु माणसे काही दिवसभर सारखी अंघोळ करीत नाहीत! सकाळच्या घाईच्या वेळी लहान वस्तीत हा ओघ तिप्पट होतो असे गृहीत धरून, सव्वाअकरा लिटरांना पुरेल असा नळ घालावा लागतो. सातवीच्या मुलाला येईल असे हे गणित आहे.

अवघड आहे ते माणसे मोजणे. आजची नव्हेत, तीस वर्षांनंतरची. आपल्या ग्वाल्हेरचेच पाहा. २००१ साली वस्ती सुमारे सव्वाआठ लाख होती, २०११ साली ती साडेदहा लाखांवर गेली. दर दशकात तेवढीच भर पडेल असे मानले तर २०४१ साली अठरा लाखांच्या आसपास. त्याच टक्केवारीने वाढेल असे मानले तर तेवीस लाख. दोन्ही रीती पुस्तकातल्याच, पण अंतर पाच लाख माणसांचे, म्हणजे रोजच्या पावणेसात कोटी लिटरांचे. शिवाय २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या साली झाली नाही. जुन्याच आकड्यांवर नवे मजले चढले.

अंदाज कमी पडला की काय होते हे लष्करात राहणाऱ्यांस सांगावयास नको. सांक नदीवरील तिघ्रा धरण १९१६ साली पुरे झाले, १९१७ साली पायाखालच्या खडकात पाणी शिरून फुटले, पुढे पुन्हा बांधले गेले. त्याच जलाशयावर शहर वाढत गेले आणि कित्येक उन्हाळ्यांत नळ एक दिवसाआड आला. गेलेल्या पाण्याची कथा स्वर्णरेखेने सांगावी. नाव केवढे सोन्याचे! शहराचे सांडपाणी पोटात घेता घेता ती नदीची नाला झाली.

अंदाज अधिक झाला तर? त्याचेही उदाहरण तिघ्राच्या वाटेवरच आहे. दिल्लीचा भार हलका व्हावा म्हणून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ग्वाल्हेरच्या पश्चिमेस नवे नगर आखले गेले. रस्ते झाले, भूखंड पडले. माणसे मात्र योजनेप्रमाणे आली नाहीत. तेथून जाताना आम्हांस नेहमी रिकाम्या वर्गाची आठवण होते: फळा आहे, बाके आहेत, हजेरी नाही. गटाराला तर हे रितेपण फारच बाधते. त्यातील मैला वाहून जाण्यास ओघाला किमान वेग लागतो. सहाशे घरांच्या नळात साठच घरांचे पाणी पडले, तर ते रेंगाळते, गाळ बसतो आणि पहिल्या बिऱ्हाडाच्या न्हाणीतच वास परततो. जाणते अभियंते म्हणूनच पहिल्या वर्षाचा आणि तिसाव्या वर्षाचा, असे दोन्ही हिशेब मांडतात व वसाहत टप्प्याटप्प्याने वाढवितात.

भाच्याने हे सारे ऐकून घेतले. आमच्या शाळेतील मुले याहून लवकर कंटाळतात, हे त्याच्या श्रेयास लिहिले पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो वसाहतीच्या कचेरीत जाऊन दोनच प्रश्न विचारून आला. पाण्याबद्दल उत्तर मिळाले, "तूर्त बोअर आहे, पुढे नगरपालिका देईल." सांडपाण्याबद्दल त्यांनी मोठा नकाशाच पसरला. त्यात तांबडी रेघ प्रत्येक घरापासून निघून मुख्य रस्त्याने कुंपणापर्यंत गेली होती. कुंपणापलीकडे कागद संपला होता.

बयाण्याचे पैसे अद्याप बहिणीच्या कपाटात आहेत.